तांदुळज्याला काटा कुठून आला?

गेल्या वर्षी पावसाळ्यात मला पाळीचा त्रास सुरू झाला. दहा-दहा दिवस रक्तस्राव थांबायचा नाही. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, गोळ्या सुरू झाल्या. लातूरकडे गावी असलेल्या आजीला फोनवर हे सांगितलं, तेव्हा तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गोळ्या घे बाई, नको म्हणत नाही. पण तांदुळज्याचं मूळ तांदळाच्या धुवणात उगाळून घेत जा. आमच्या येळंला हेच व्हतं."

पुण्यात आयटीतली नोकरी करणाऱ्या मुलीनं तांदुळज्याचं मूळ कुठून आणायचं? मी ऑनलाइन शोधलं. तिथे सगळंच मिळतं. दोन दिवसांत चूर्णाची बाटली घरी आली. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'तांदुळजा मूळ' आणि मागे, एक्सपायरी डेटच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत वनस्पतीचं शास्त्रीय नाव: अमॅरँथस स्पायनोसस. लेबल वाचायची मला सवय आहे. कोडमध्ये खरी भानगड नेहमी तळटिपेत सापडते. 'स्पायनोसस' म्हणजे काटेरी, एवढं लॅटिन कुणालाही कळेल.

मी आजीला पुन्हा फोन लावला. "आजी, तुझ्या तांदुळज्याला काटे असतात का गं?"

"काटे असल्यावर भाजी कोण निवडील? काट्याचा तो काटेमाठ. उकिरड्यावर येतो."

बाटली मी उघडलीच नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तीन महिन्यांत बरी झाले. पण तो प्रश्न राहिला. आजी म्हणते तो तांदुळजा बिनकाट्याचा. बाटलीतला तांदुळजा काटेरी. दोघांचं नाव एक. मग हा काटा आला कुठून?

*

आधी नावांचा गोंधळ किती आहे ते सांगते, कारण तो प्रत्येकाच्या घरात आहे.

माझी आई रत्नागिरीकडची. तिच्या तोंडी 'तांदुळजा' हा शब्दच नाही. तिच्याकडे माठ असतो. लाल माठ आणि हिरवा माठ. आजी तांदुळजा म्हणून जी जुडी निवडते तिला आई 'कोवळा हिरवा माठ' म्हणते, आणि सुट्टीत दोघी एका स्वयंपाकघरात आल्या की हा वाद एकदा तरी होतोच. माझी हॉस्टेलमधली रूममेट कोल्हापूरची होती, तिच्याकडे याच पंगतीतल्या भाजीला पोकळा म्हणायचे. ऑफिसमधला नागपूरचा सहकारी डब्यात 'चवळई' आणतो. पहिल्यांदा त्यानं हे नाव घेतलं तेव्हा मला चवळीच्या शेंगांचा वेल आठवला, आणि डबा उघडल्यावर निघाला माठ.

यात राजगिरा धरलेला नाही. राजगिऱ्याचा पालाही भाजीला येतो, आणि कोवळा असताना तो माठापासून ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

भाजीवाल्या मावशींची पद्धत सरळ आहे. रंग बघायचा, पानाचा आकार बघायचा, देठाची जाडी बघायची. लाल तो लाल माठ, मोठ्या पानाचा हिरवा तो हिरवा माठ, बारीक पानाचा आणि पातळ देठाचा तो तांदुळजा. ही वर्गवारी स्वयंपाकासाठी चोख आहे. लाल माठाचं पाणी भाताला गुलाबी करतं, तांदुळजा लवकर शिजतो, जाड देठांची वेगळी भाजी करता येते. मंडईतल्या नावानं विचारलेला प्रश्न 'हिचं काय करायचं?' एवढाच असतो आणि त्याचं उत्तर त्या नावात मिळतं.

वनस्पतिशास्त्रज्ञ दुसरा प्रश्न विचारतात: हिचे आईबाप कोण? त्याचं उत्तर पानात नसतं. माठाच्या प्रजातीत, म्हणजे अमॅरँथसमध्ये, जगभरात सुमारे ७० जाती आहेत आणि त्या ओळखायच्या तर फुलं आणि फळं लागतात. फुलं केवढी? खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. नर फुलं वेगळी, मादी वेगळी, दोन्ही बहुधा एकाच झाडावर, गुच्छात दाटीवाटीनं बसलेली. मादी फुलाला पाकळ्यांसारखी दलं तीन आहेत की पाच, आणि पिकल्यावर फळ कसं वागतं, यावर सगळं ठरतं. काही जातींचं फळ डबीचं झाकण उघडावं तसं बरोबर मधोमध गोल उघडतं. काहींचं उघडतच नाही.

अडचण अशी की भाजी फुलावर आली म्हणजे जून झाली. मंडईत ती त्याआधीच पोचते. ओळख पटायच्या वयाच्या आधीच आपण तिला खाऊन टाकतो.

म्हणून मी मुळासकट आलेल्या जुड्यांतून काही रोपं बाल्कनीत कुंड्यांमध्ये लावली. लाल माठ, हिरवा माठ आणि दोन वेगवेगळ्या मावशींकडचा तांदुळजा. काही रोपं मेली, बाकीची पाचसहा आठवड्यांत तुऱ्यावर आली. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन मी रविवारची एक सकाळ त्यांच्यापुढे बसले. लाल आणि हिरव्या माठाची फळं अगदी सारखी निघाली: तीन दलं, दलांना टोकदार शेपट्या, झाकण उघडणारी डबी. म्हणजे दोन्ही एकाच जातीचे, अमॅरँथस ट्रायकलर. रंगाचा फरक केवळ बीटात असतात त्या गटातल्या रंगद्रव्याचा. पहिल्या मावशींच्या तांदुळज्याचं फळ मात्र उघडलं नाही, आणि त्याच्या पानाच्या टोकाला कुणीतरी नखानं खुडल्यासारखी खाच होती. ही अमॅरँथस ब्लिटमची खूण. दुसऱ्या मावशींचा तांदुळजा? झाकण उघडलं. तोही ट्रायकलरच, फक्त बारीक पानाचा.

म्हणजे बाजारात जे दोन वेगळे (लाल आणि हिरवा) ते शास्त्रात एक, आणि बाजारात जे एक (तांदुळजा) ते शास्त्रात दोन. आई आणि आजी दोघीही बरोबर होत्या, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. काटा मात्र माझ्या कुंड्यांत एकालाही नव्हता.

*

ही गफलत फक्त आपली नाही. ज्यानं शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून दिली, त्या लिनेयसची सुरुवातही भाजीवाल्या मावशींसारखीच झाली.

'अमॅरँथस' हा शब्द ग्रीक आहे, अर्थ 'न कोमेजणारा'. सकाळी आणलेली जुडी संध्याकाळी मान टाकते हे ज्यानं पाहिलंय त्याला हे नाव थट्टा वाटेल. पण युरोपात ही झाडं भाजी म्हणून फारशी ओळखीची नव्हती, बागेतली शोभेची झाडं म्हणून होती. तुरा वाळला तरी रंग टिकतो, म्हणून 'न कोमेजणारा'. लिनेयसनं १७५३ साली 'स्पीशीज प्लँटारम' हे पुस्तक छापलं, तेव्हा आपला माठ त्यात बागेच्या वाटेनंच आला. तीन रंगांच्या पानांचा तो ट्रायकलर. काळपट, सुतकी रंगाचा तो मेलँकोलिकस, म्हणजे उदास. आणखी एक ट्रिस्टिस, म्हणजे पुन्हा उदासच. दोन वर्षांनी त्यात मँगोस्टॅनसची भर पडली आणि १७५९ साली गँजेटिकसची, गंगेकाठचा म्हणून. एका माठाला एकाच माणसानं दिलेली ही पाच नावं आहेत. आज ती पाचही एकाच जातीची मानली जातात.

पुढे भारतात काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी यादी वाढवली. कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यानं इथल्या भाज्या बघून आणखी नवी नावं दिली. पानाचा आकार थोडा वेगळा दिसला की नवी जात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही गर्दी आवरायला सुरुवात झाली आणि ब्रिटिश भारताच्या मोठ्या ग्रंथांत आपल्या माठासाठी 'गँजेटिकस' हे नाव स्थिरावलं. गंगेचं नाव लागलेली भाजी, ऐकायलाही बरं. पण वनस्पतींच्या नावांचा एक नियम आहे: एका जातीला अनेक नावं पडली असतील तर सर्वांत जुनं नाव खरं. गँजेटिकस १७५९चं, ट्रायकलर १७५३चं. सहा वर्षांनी गंगा हरली.

मात्र हरलेलं नाव पुसलं गेलं नाही. वनस्पतींच्या नोंदींत कुठलंही नाव खोडत नाहीत. ते मान्य नावाच्या खाली 'पर्यायी नाव' म्हणून कायम राहतं. कुणी दिलं, कधी दिलं, कुठे छापलं, यासह. शिवाय प्रत्येक नाव एका ठरावीक वाळवलेल्या नमुन्याशी किंवा चित्राशी बांधलेलं असतं. शंका आली तर तो नमुना काढून बघायचा. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे फार ओळखीचं वाटतं. कोड बदलायला कुणाची हरकत नसते. जुनी आवृत्ती कुठली, बदल कुणी केला आणि का, हे लिहून ठेवलं नाही तर मात्र सगळे भडकतात.

*

आपल्या भागात ही नोंद ठेवण्याचं काम ज्यांनी केलं त्यांतले काहीजण पेशानं वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. हे वाचून मला धीर आला.

मुंबई परिसरातल्या वनस्पतींची पहिली छापील यादी १८३९ साली निघाली. ती करणारा जॉन ग्रॅहम टपालखात्यातला अधिकारी होता. टपालखात्यातल्या माणसाला नाव आणि पत्ता जुळण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पुस्तक छापून पुरं होण्याआधीच तो खंडाळ्याला वारला, तेव्हा त्याचं वय पस्तिशीही नव्हतं. उरलेलं काम जोसेफ निमो या त्याच्या स्नेह्यानं तडीस नेलं.

त्यानंतर १८६१ साली डॅलझेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' आला. आणि मग थिओडोर कुक. हा आयर्लंडचा इंजिनिअर १८६० साली बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत आला आणि त्यानं वसईच्या खाडीवरच्या लोखंडी पुलाचं काम केलं. १८६५ साली तो पुण्याच्या सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजचा प्रिन्सिपॉल झाला. पूल आणि कॉलेज सांभाळता सांभाळता त्याला झाडांचं वेड लागलं. निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसून त्यानं मुंबई इलाख्याचा फ्लोरा लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागानं निघाला. सह्याद्रीत झाडं ओळखत फिरणारे लोक आजही 'कुक काय म्हणतो' असं विचारतात.

कुकच्या पुस्तकात शास्त्रीय वर्णनाच्या शेवटी देशी नावं दिलेली असतात. इतक्या बारकाव्यानं लिहिलेल्या पुस्तकात ही नावं तेवढी मोकळी सुटतात. दलं किती, फळ केवढं, बी कसं, सगळं मोजलेलं. पण हे देशी नाव कुठल्या गावचं, कुणी सांगितलं, त्या माणसानं कुठलं झाड हातात धरून सांगितलं, याची नोंद नाही. साहेबानं विचारलं, कुणीतरी उत्तर दिलं, साहेबानं लिहून घेतलं. लॅटिन नावामागे नमुना उभा असतो. मराठी नावामागे कुणीच नाही. पुढच्या शंभर वर्षांत एका पुस्तकातली देशी नावं दुसऱ्यात, दुसऱ्यातली तिसऱ्यात उतरत गेली, आणि आज इंटरनेटवर तांदुळजा शोधलं की त्यापुढे चारपाच वेगवेगळी शास्त्रीय नावं मिळतात. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

*

नावामुळे केवढी मोठी गोष्ट झाकली जाते याचं उदाहरण राजगिऱ्याचं आहे.

राजगिरा आपला, हे कुणी सिद्ध करायला गेलं नाही, कारण कुणाला शंकाच नव्हती. मराठीत राजगिरा, हिंदीत रामदाना. उपासाला चालतो. एकादशीला लाडू होतात. रॉक्सबर्गच्या यादीत तो 'फ्रुमेंटॅशियस' म्हणजे 'धान्याचा' या नावानं भारतीय वनस्पती म्हणून बसला. रामाचं नाव घेऊन आलेल्या दाण्याला पासपोर्ट कोण विचारणार?

ते काम १९५० साली जोनाथन सॉअर या अमेरिकन अभ्यासकानं केलं. त्यानं जगभरच्या वनस्पतिसंग्रहांतले राजगिऱ्याचे वाळवलेले नमुने मागवून एकेका फुलाची दलं तपासली. भारतातला राजगिरा आणि मेक्सिकोतला राजगिरा यांत त्याला फरक सापडला नाही. ज्या रानटी जातींपासून हे पीक घडलं त्या अमेरिका खंडातल्या. मेक्सिकोतल्या तेवाकान खोऱ्यातल्या गुहांमध्ये तर पिकवलेल्या राजगिरावर्गीय दाण्यांचे हजारो वर्षांपूर्वीचे अवशेष निघाले. कोलंबसानंतर कधीतरी जहाजातून इकडे आलेलं हे पीक आहे, असा निष्कर्ष निघाला आणि तो टिकला. शास्त्रीय नाव आता अमॅरँथस हायपोकॉन्ड्रिॲकस. 'फ्रुमेंटॅशियस' त्याखाली पर्यायी नाव म्हणून गेलं.

ॲझ्टेक लोक या दाण्याला वाउत्ली म्हणत. राजाला तो खंडणी म्हणून येई. त्याच्या पिठात गोड पाक मळून ते देवाच्या मूर्ती करत आणि विधीनंतर मूर्ती मोडून तिचा प्रसाद खात. स्पॅनिश पाद्र्यांना त्यात आपल्याच धर्मविधीची विडंबना दिसली आणि त्यांनी तो प्रकार दडपला. तरी दाणा उरला. मेक्सिकोत आजही लाह्या पाकात घालून वड्या करतात आणि तिला 'अलेग्रिया', म्हणजे आनंद, म्हणतात. आपल्या चिक्कीच्या शेजारी ठेवली तर कुठली कुठली ते सांगता येणार नाही. एका खंडात देवाची मूर्ती, दुसऱ्या खंडात उपासाचा लाडू. मधला प्रवास कुणी लिहून ठेवला नाही.

उपासाला बटाटा, साबुदाणा, शेंगदाणा असे अमेरिकेतून आलेले पाहुणे बसलेले असतात हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण बटाट्याला 'रामकंद' म्हणत नाहीत. राजगिऱ्याचं वेगळेपण असं की इथे माठ आधीपासून होता. नव्या झाडाला इथले भाऊबंद सापडले, घरचं नाव मिळालं, आणि एकदोन पिढ्यांत तो पाहुणा होता हे कुणाला आठवेना.

*

आता काट्याकडे येते.

तण्डुलीयक हे नाव फार जुनं आहे. चरकसंहितेत भाज्यांच्या यादीत ते येतं. थंड, विषावर चालणारी, रक्तपित्तात चांगली अशी तिची कीर्ती. रक्तस्रावावर तांदुळजा हे आजीचं ज्ञान थेट या परंपरेतलं आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तण्डुलीयाचे पर्यायी शब्द दिले आहेत, आणि संस्कृत निघंटूंमधले असे शब्द म्हणजे बऱ्याचदा ओळखायच्या खुणाच असतात. तण्डुलीबीज: तांदळासारखं बी असलेली. विषघ्न: विष मारणारी. मेघनाद: ढगांच्या गडगडाटाबरोबर उगवणारी म्हणून असावं. आणि अल्पमारिष: छोटा मारिष. मारिष म्हणजे माठ. हिंदीत अजून 'मरसा' म्हणतात. भावप्रकाशात मारिषही पांढरा आणि लाल असे दोन सांगितलेत, म्हणजे मावशींची वर्गवारी निदान चारशे वर्षं जुनी आहे.

या शब्दांत काटा नाही. काटेमाठाची रोपं उपटताना ज्याच्या बोटात एकदा काटा गेलाय, त्याला कळेल की ही खूण विसरण्यासारखी नाही. पानाच्या बेचक्यात दोन-दोन सुया. ज्या माणसानं बियांच्या आकाराची दखल घेतली तो या सुया बघूनही गप्प बसला असेल, हे पटत नाही. त्याच्यापुढे सुया नव्हत्या, एवढं साधं उत्तर पुरतं.

वनस्पतिशास्त्र हेच सांगतं. अमॅरँथस स्पायनोसस मूळचा अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातला. त्याच्या मादी फुलाला पाच दलं, राजगिऱ्यासारखी. आणि डीएनएच्या अभ्यासांत तो आपल्या माठापेक्षा राजगिऱ्याच्या कुळाला जवळचा निघतो. तोही कोलंबसानंतर इकडे आला. राजगिऱ्याला कुणीतरी हौसेनं आणलं, हा तण म्हणून आला आणि उकिरडे, पडीक रानं, रस्त्याच्या कडा धरून देशभर पसरला. चरकसंहिता लिहिणाऱ्यांनी तो पाहिलेला असणं शक्य नाही.

तरीही भारत सरकारच्या आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथात, तण्डुलीय या नावापुढे वनस्पती दिली आहे ती अमॅरँथस स्पायनोसस. माझ्या बाटलीनं खोटं काही लिहिलं नव्हतं. ती नियमानुसारच होती.

मग चूक कुणाची? मला वाटतं, बदल होण्यात चूक काहीच नाही. एखाद्या वैद्यानं, किंवा अधिक शक्यता अशी की एखाद्या आजीनं, हे नवं काटेरी रोप बघितलं असेल, पान चोळून, शिजवून पाहिलं असेल, माठाचाच भाऊ म्हणून ओळखलं असेल. मूळ जाड, भरपूर, फुकट, बारा महिने मिळणारं. तिनं ते वापरून बघितलं असेल आणि तिला गुण आल्यासारखा वाटला असेल. ही स्वतःच एक शोधाची गोष्ट आहे. भावप्रकाशकर्त्या भावमिश्रानंही फिरंग्यांबरोबर आलेल्या रोगाला 'फिरंग' असंच नाव देऊन तो आपल्या ग्रंथात नोंदवला होता. नव्याला नवं म्हणायची पद्धत आपल्याकडे होती. काटेमाठाच्या बाबतीत तसं झालं नाही. भाजी म्हणून तो काटेमाठच राहिला, आजीसारख्या बायकांनी ते नाव नीट वेगळं ठेवलं. औषधाच्या पुस्तकात मात्र तो जुन्या नावाखाली शिरला आणि दोन हजार वर्षांची कीर्ती आयती त्याच्या नावावर झाली.

याचा अर्थ काटेमाठ निकामी आहे असा नाही. त्याचे गुण-दोष त्याचे स्वतःचे आहेत, ते त्याच्यावर तपासायला हवेत. पण 'चरकात सांगितलंय' हा दाखला त्याला लावता येणार नाही. तो दाखला दुसऱ्याच झाडाचा आहे. आणि जी बाई आजाराच्या वेळी बाटलीवरच्या नावावर विश्वास ठेवते, तिला हे कळायचा हक्क आहे.

*

हल्ली भाजीच्या वाणांना नावं देताना अशी पळवाट राहत नाही. पुसा किरण, अर्का अरुणिमा, बडी चौलाई, छोटी चौलाई, ही सगळी माठवर्गातल्या सुधारित वाणांची नावं आहेत. प्रत्येकामागे संस्था आहे, नोंद आहे. २००१च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार एखादं वाण नोंदवायचं तर ते इतरांहून वेगळं, एकसारखं आणि पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहणारं आहे हे शेतात पेरून दाखवावं लागतं. त्याच कायद्यात शेतकऱ्यांच्या घरच्या वाणांनाही नोंदणीची सोय आहे. पण परसात दरवर्षी आपोआप उगवणाऱ्या, कुणीही न पेरलेल्या तांदुळज्याचा अर्ज कोण भरणार? त्याची नोंद फक्त आजीच्या डोक्यात आहे, आणि आजी आता ८१ वर्षांची आहे.

या दिवाळीत गावी गेले तेव्हा मी तिला परसात घेऊन गेले. पाऊस संपला होता, भाजीचे दिवस सरले होते, आणि मला तेच हवं होतं. म्हटलं, तुझा तांदुळजा दाखव. तिनं काठीनं एका कोपऱ्यात दाखवलं. तीनचार जून झालेली रोपं, तुऱ्यावर आलेली. पानाच्या टोकाला खाच. मी भिंग लावलं. दलं तीन. फळ दोन नखांत धरून दाबलं. झाकण नाही, ते चुरगळलं पण उघडलं नाही. ब्लिटम. लहान माठ. भावप्रकाशाच्या 'अल्पमारिष' या शब्दाला शोभेल असा.

"काय दिसलं?" आजीनं विचारलं.

"तू म्हणत होतीस तेच. काटा नाही."

"मग एवढं पुण्याहून यायचं काय व्हतं? मी फोनवर सांगितलंच की."

काटेमाठ कुंपणापाशी होता. तोही तिनं दाखवला, न विचारता. दोन्हींची एकेक फांदी मी वर्तमानपत्रात दाबून ठेवली. वाळल्यावर जाड कागदावर चिकटवली आणि खाली लिहिलं: जागा, तारीख, शास्त्रीय नाव, ते कुणी ओळखलं. मग देशी नाव. एकावर 'तांदुळजा', दुसऱ्यावर 'काटेमाठ'. आणि त्याखाली कुकच्या पुस्तकात जी ओळ नाही ती: हे नाव कुणी सांगितलं. आजीनं चष्मा लावून स्वतःचं नाव वाचलं, आणि म्हणाली, "माझं नाव काट्याच्या कागदावर कशाला घातलंस?"

"तो कुठला, हे तूच सांगितलंस म्हणून."

कागद पुण्यात माझ्या कपाटात आहेत. चूर्णाची बाटलीही तिथेच ठेवली आहे. तिच्या लेबलवरच्या 'तांदुळजा'पुढे मी पेनानं काटेमाठ लिहिलंय.